गरमागरम कागद कुठून आला?

झेरॉक्सच्या दुकानातल्या काकांचं बोलणं कधी कान देऊन ऐकलंय का? “पाठपोट काढू की एकाच बाजूला?” “ए-थ्रीचं ए-फोर करायचंय ना, मग एक्काहत्तर टक्के लावतो.” “स्कॅन करून पीडीएफ पाठवू का?” आणि मध्येच कपाळाला हात लावून, “अरेच्चा, प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय. आयपी बदलला वाटतं!” आपण आपले हातात आधार कार्ड धरून उभे. थोड्या वेळानं कागद मिळतो, तोही छान गरम, आणि आपण घरी पळतो.

पण एक्काहत्तरच का? सत्तर का नाही? कागद गरम कशानं झाला? आणि प्रिंटर तर कालपासून त्याच टेबलावर बसलाय, मग त्याचा पत्ता बदलला कसा? या प्रश्नांच्या मागे लागलं की एक गंमत दिसते. जवळजवळ प्रत्येक उत्तरापाशी कुणीतरी वैतागलेला माणूस भेटतो. कुणाचं लिहून लिहून अंग दुखत होतं, कुणाला वाट बघायचा कंटाळा आला होता. त्यांनी आपापल्या वैतागावर जे उपाय काढले, तेच आज त्या यंत्राच्या छोट्या पडद्यावर शब्द होऊन बसलेत.

पहिला माणूस मात्र वैतागलेला नव्हता, नुसता चौकस होता. गेओर्ग क्रिस्टोफ लिश्टेनबर्ग त्याचं नाव. जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात तो शिकवायचा. विजेच्या प्रयोगांसाठी त्यानं राळेची एक भलीमोठी चकती बनवली होती. १७७७ साली त्याच्या लक्षात आलं की खोलीत उडालेली राळेची बारीक पूड त्या चकतीवर सारखी पसरत नाहीये. कुठे चांदणीसारखा आकार, कुठे फांद्या फुटल्यासारखा. चकतीवर जिथे विजेचा भार साठला होता, तिथे पूड चिकटली होती. भार डोळ्यांना दिसत नाही, पण त्यावर पूड टाकली की त्याचं चित्र उमटतं! लिश्टेनबर्गनं कागद दाबून ती चित्रं उचलूनही घेतली. म्हणजे विजेनं काढलेलं चित्र पुडीनं दाखवायचं आणि कागदावर उतरवायचं, हे सगळं त्याच्या हातात आलं होतं. पण त्यातून नकला काढता येतील हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही, आणि पुढची दीडशेच्या वर वर्षं दुसऱ्या कुणाच्याही नाही. हा लिश्टेनबर्ग लक्षात ठेवा. तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे, आणि तोही भलत्याच कामासाठी.

आता चला न्यूयॉर्कला. १९३०च्या दशकात तिथल्या एका कंपनीच्या पेटंट विभागात चेस्टर कार्लसन नावाचा तरुण काम करत होता. नव्या शोधांची कागदपत्रं आणि आकृत्या यांच्या प्रती त्याला सतत लागत. त्या मिळवायच्या दोनच तऱ्हा होत्या: बसून पुन्हा टाइप करा, नाहीतर बाहेर पाठवून फोटो काढून आणा. त्याची नजर अधू, त्यात संधिवात. बटण दाबलं की प्रत बाहेर आली, असं यंत्र का नसावं? त्यानं वाचनालयात ठाण मांडलं आणि घरच्या स्वयंपाकघरात गंधक तापवायला सुरुवात केली. गंधकाचा वास घरात दरवळल्यावर शेजारपाजारच्यांचं काय झालं असेल, ते तुम्हीच ठरवा!

शेवटी त्यानं अ‍ॅस्टोरिया नावाच्या भागात एक खोली भाड्यानं घेतली आणि ओटो कोर्नाई या ऑस्ट्रियाहून आलेल्या शास्त्रज्ञाला मदतीला घेतलं. २२ ऑक्टोबर १९३८ या दिवशी दोघांनी काय केलं पाहा. जस्ताच्या एका पत्र्यावर गंधकाचा पातळ थर दिला. खोलीत अंधार करून तो थर रुमालानं खसाखसा घासला. केसांवर फुगा घासल्यावर जसा भार येतो तसाच तो गंधकावर आला. मग एका काचेवर शाईनं तारीख आणि जागेचं नाव लिहिलं: ‘१०-२२-३८ अ‍ॅस्टोरिया’. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणून दहा पुढे. ती काच पत्र्यावर ठेवली, वरून झगझगीत दिवा लावला, काही सेकंदांनी काच उचलली आणि पत्र्यावर बारीक पूड भुरभुरली. हलकी फुंकर मारली. जादा पूड उडून गेली आणि पत्र्यावर तारीख वाचता आली!

हे झालं कसं? गंधकाचा एक खास गुण आहे. अंधारात ते विजेला वाहू देत नाही, त्यामुळे भार जागच्या जागी बसून राहतो. उजेड पडला की मात्र वाट मोकळी होते आणि भार खालच्या धातूत निघून जातो. काचेच्या कोऱ्या भागातून उजेड आला, तिथला भार पळाला. अक्षरांच्या सावलीत मात्र तो तसाच राहिला, आणि पूड तिथेच चिकटली. नंतर मेणकागद दाबून त्यांनी ती अक्षरं उचलली आणि कागद तापवला, तेव्हा ती पक्की झाली.

हे पाहून कंपन्यांनी त्याला डोक्यावर घेतलं असेल, नाही का? छे! वीसहून जास्त कंपन्यांनी त्याला हात हलवत परत पाठवलं, आणि त्यांत मोठमोठी नावं होती. १९४४ मध्ये ओहायो राज्यातल्या बॅटेल या संशोधन संस्थेनं त्याच्या कल्पनेवर काम सुरू केलं आणि गंधकाच्या जागी सेलेनियम आणलं. १९४७ मध्ये रॉचेस्टर गावातल्या हॅलॉईड या फोटोकागद बनवणाऱ्या कंपनीनं हक्क घेतले. हीच कंपनी पुढे झेरॉक्स झाली. १९५९ मध्ये तिचं ‘९१४’ हे यंत्र आलं. नऊ इंच बाय चौदा इंचांपर्यंतचा कागद चालायचा, म्हणून ९१४. वजन सुमारे तीनशे किलो! आत कागद कधीकधी जळायचा, म्हणून कंपनी यंत्राबरोबर आग विझवायचं नळकांडंही देत असे. यंत्र किती सोपं आहे हे दाखवायला त्यांनी एका जाहिरातीत चक्क चिंपांझीला प्रती काढायला लावलं. ऑफिसांत हेच काम करणाऱ्या बायकांना लोक त्यावरून चिडवायला लागले, तेव्हा ती जाहिरात बंद झाली. बरं झालं.

आणि कागद गरम का, याचं उत्तर तर मिळालंच. आजची ती काळी पूड, म्हणजे टोनर, मुख्यतः प्लास्टिकची असते. एकेक कण केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी लहान. कागदावर ती आधी नुसती बसलेली असते. मग कागद दोन रुळांमधून जातो. त्यांतला एक सुमारे दोनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. तिथे पूड वितळून कागदाच्या धाग्यांत घट्ट बसते. कागद बाहेर येतो तो भट्टीतून आल्यासारखाच. कार्लसनचा मेणकागद आठवला ना?

पण झेरॉक्स यंत्र फक्त नक्कल करतं. समोर कागद नसेल तर? गॅरी स्टार्कवेदर या झेरॉक्समधल्या इंजिनिअरला १९६०च्या दशकाच्या शेवटी वाटलं की कागदाची सावली पाडण्याऐवजी लेझरच्या किरणानंच ठिपका ठिपका करून चित्र काढावं. त्याच्या साहेबांना हे खूळ वाटलं. शेवटी तो १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात कंपनीच्या पार्क या नव्या संशोधन केंद्रात गेला आणि तिथे लेझर प्रिंटर बनवला. गरगर फिरणारा, अनेक पैलूंचा आरसा किरणाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडल्यासारखा फिरवतो आणि किरण भराभर चालू-बंद होत राहतो. एका इंचात ५०० ठिपके, आणि दर सेकंदाला एक पान!

इथे खरा गोंधळ सुरू झाला. जरा गणित करू. अमेरिकेतलं पान साडेआठ इंच रुंद आणि अकरा इंच लांब. ५०० ठिपक्यांच्या हिशेबानं आडवे ४२५० आणि उभे ५५००. गुणाकार केला तर २ कोटी ३३ लाख ७५ हजार ठिपके. एका पानाचे! प्रत्येक ठिपका काळा की पांढरा, हे संगणकानं प्रिंटरला कळवायला हवं. त्या काळी संगणकाला यंत्रं जोडायच्या साध्या तारेतून सेकंदाला साधारण ९६०० ठिपक्यांची माहिती जायची. भागाकार करा: एका पानाला चाळीस मिनिटं. प्रिंटर सेकंदात पान काढायला तयार आणि तार मात्र चाळीस मिनिटं लावणार. वैताग येणार नाही तर काय!

पार्कमध्येच बॉब मेटकाफ काम करत होता. तिथल्या सगळ्या संगणकांना एकमेकांशी आणि त्या प्रिंटरशी जोडायचं काम त्याच्याकडे होतं. २२ मे १९७३ रोजी त्यानं एक टिपण लिहिलं आणि डेव्हिड बॉग्ज या सहकाऱ्याबरोबर ते प्रत्यक्षात आणलं. त्याचं नाव इथरनेट. तुमच्या शाळेच्या संगणक खोलीत भिंतीतून येणारी ती निळी किंवा करडी तार आहे ना, ती याच इथरनेटची. सुरुवातीला एकाच तारेवर सगळे संगणक जोडलेले असत, मग दोघांनी एकदम माहिती पाठवली तर? फोनवर दोघं एकदम बोलायला लागले की दोघंही थांबतात, आणि ज्याचा धीर आधी सुटतो तो पुन्हा सुरू करतो, तसंच इथेही. टक्कर झाली की दोघांनी थांबायचं आणि प्रत्येकानं मनाला येईल तेवढा, वेगवेगळा वेळ वाट बघून पुन्हा प्रयत्न करायचा. ही युक्ती आधी हवाई बेटांवरच्या अलोहा या रेडिओ जाळ्यात वापरली होती. मेटकाफनं ती सुधारून तारेत आणली.

पहिल्या इथरनेटचा वेग सेकंदाला २९ लाख ४० हजार ठिपके. म्हणजे पान साधारण आठ सेकंदांत. चाळीस मिनिटांवरून आठ सेकंद! तरी प्रिंटर अजून सात सेकंद रिकामाच. मग सगळे ठिपके पाठवायचेच कशाला? ‘इथे क काढ, एवढा मोठा’ एवढंच सांगावं आणि ठिपके प्रिंटरपाशीच बनवावेत. पार्कमधल्या लोकांनी अक्षरांचे ठिपके करणारं वेगळं यंत्र प्रिंटरशेजारी ठेवलंच होतं. ही कल्पना पुढे नेली जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी. १९८२ मध्ये पार्क सोडून त्यांनी अ‍ॅडोबी कंपनी काढली आणि पानाचं वर्णन करणारी एक भाषाच बनवली, पोस्टस्क्रिप्ट. ही भाषा समजायला प्रिंटरला स्वतःचं डोकं लागतं. १९८५ च्या अ‍ॅपल लेझरराइटर या प्रिंटरमधला प्रोसेसर तर ज्या मॅक संगणकाला तो जोडायचा, त्याच्यापेक्षा वेगवान होता! पीडीएफ हे या पोस्टस्क्रिप्टचं धाकटं भावंड. ते १९९३ मध्ये आलं.

पीडीएफनं आपल्या मराठीचं एक मोठं दुखणं बरं केलं. पूर्वी श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथे तो फाँट नसला, की सुंदर मराठी पत्राच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र खुणांचा काला दिसायचा. तुमच्या आई-बाबांना विचारा, त्यांनी हे नक्की पाहिलेलं असणार. पीडीएफ फाइल अक्षरांचे आकार स्वतःच्या पोटातच घेऊन जाते, म्हणून ‘ज्ञानेश्वर’ सगळीकडे ‘ज्ञानेश्वर’च छापलं जातं.

आता त्या बदललेल्या पत्त्याकडे वळू. जाळ्यावरच्या प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता असतो: चार आकडे, मध्ये टिंबं, प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. समजा १९२.१६८.१.२५. असे एकूण पत्ते होतात सुमारे ४२९ कोटी, आणि जगातल्या यंत्रांना ते कधीच पुरेनासे झाले. म्हणून काही पत्ते ‘घरगुती’ म्हणून राखून ठेवलेत. १९२.१६८ नं सुरू होणारे त्यांतलेच. ते इमारतीच्या आतल्या आत चालतात, त्यामुळे पुण्यातल्या शाळेचा आणि नागपूरच्या बँकेचा प्रिंटर एकाच पत्त्यावर खुशाल राहू शकतात. हे पत्ते वाटायचं काम बहुतेक ठिकाणी राउटर करतो. त्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. पत्ता मिळतो तो मुदतीवर. प्रिंटर रात्रभर बंद राहिला, मुदत संपली, तर सकाळी त्याला दुसराच पत्ता मिळू शकतो. संगणक बिचारा जुन्या पत्त्यावर हाका मारत राहतो, उत्तर येत नाही, आणि पडद्यावर लिहून येतं, ‘ऑफलाइन’. काका वैतागतात. उपाय साधा आहे: त्या प्रिंटरचा पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवायचा.

मोठ्यांची परवानगी घेऊन एक करून बघा. शाळेतला प्रिंटर जाळ्यावर असेल, तर त्याचा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाइप करा. बऱ्याच प्रिंटरचं स्वतःचं एक पान उघडतं. आजवर किती पानं छापली, टोनर किती उरलाय, सगळं तिथे लिहिलेलं असतं.

आणि कागद अडकला तर? यंत्राच्या आत ठिकठिकाणी छोट्या तरफा किंवा उजेडाचे सेन्सर असतात. कागद या ठिकाणी इतक्या वेळात पोचायला हवा, हे यंत्राला ठाऊक असतं. वेळेत नाही पोचला की ‘पेपर जाम’. खरं तर यंत्राला अडकलेला कागद दिसत नसतो, त्याला फक्त उशीर कळतो! कोकणात पावसाळ्यात हे जास्त होतं, कारण कागद हवेतला ओलावा पितो, वाकतो आणि एकमेकांना चिकटतो.

एका पेपर जामनं तर इतिहास घडवला. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करायचा. कागद अडकला की रांगेत थांबलेल्या सगळ्यांना संगणकावर निरोप जाईल, असा बदल त्यानं जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये केला होता. मग तिथे नवा लेझर प्रिंटर आला, पण त्याच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर काही मिळेना. ज्याच्याकडे तो होता त्या माणसानं, ‘कुणाला देणार नाही असं वचन दिलंय’ म्हणून नकार दिला. स्टॉलमनला हे इतकं लागलं की १९८३ मध्ये त्यानं सगळ्यांसाठी खुल्या सॉफ्टवेअरची ग्नू ही मोहीम जाहीर केली. आज जगभर चालणाऱ्या लिनक्स संगणकांमध्ये त्या मोहिमेतलं काम आहे.

एक्काहत्तर टक्के राहिलेच की! आणि इथे पुन्हा आपला लिश्टेनबर्ग येतो. १७८६ मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं एका खास कागदाचं कौतुक केलं: लांबी आणि रुंदी यांचं प्रमाण दोनच्या वर्गमुळाएवढं, म्हणजे सुमारे १.४१४. असा कागद मधोमध दुमडला की अर्ध्याचंही प्रमाण तेच राहतं. हेच प्रमाण धरून जर्मनीनं १९२२ मध्ये ए मालिका ठरवली. ए-० म्हणजे एक चौरस मीटर. चार वेळा अर्धा करा, ए-४. ए-३ वरून ए-४ वर येताना बाजू १.४१४ नं भागायची. १ भागिले १.४१४ म्हणजे ०.७०७, त्याचेच ते एक्काहत्तर टक्के. पूड आणि कागद, दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस. मला तर ही या सगळ्या गोष्टीतली सर्वांत भारी गंमत वाटते.

स्कॅन करून घेतलेली प्रत मात्र मूळ कागदाशी एकदा ताडून बघा. २०१३ मध्ये जर्मनीतल्या डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं की एका इमारतीच्या नकाशाच्या प्रतीत २१.११ चौरस मीटरची खोली १४.१३ चौरस मीटरची झाली आहे! प्रत धूसर नव्हती, अक्षरं अगदी स्वच्छ होती, फक्त चुकीची. झेरॉक्सची ती यंत्रं फाइल लहान करायला एक युक्ती वापरत: पानावरचे सारखे दिसणारे तुकडे शोधायचे, एकच तुकडा साठवायचा आणि बाकी ठिकाणी तोच चिकटवायचा. बारीक अक्षरातले आकडे सारखेच भासतात. यंत्रानं एकाच्या जागी दुसरा चिकटवून टाकला. क्रीझेलनं हे जाहीर केल्यावर कंपनीनं दुरुस्ती काढली.

जाता जाता एक हेरगिरी. अनेक रंगीत लेझर प्रिंटर पानभर फिकट पिवळे, टाचणीच्या टोकाहून बारीक ठिपके गुपचूप छापतात. खोट्या नोटा छापणाऱ्यांना पकडता यावं म्हणून. २००५ मध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेनं एका प्रिंटरच्या ठिपक्यांचा अर्थ लावला. पंधरा स्तंभ आणि आठ ओळींच्या त्या जाळीत छापल्याची तारीख, वेळ आणि यंत्राचा क्रमांक लपलेला होता. तुम्हीही शोधून बघा. रंगीत लेझर प्रिंटचं बरंचसं कोरं असलेलं पान घ्या, खोलीत अंधार करा, निळा एलईडी दिवा पानावर धरा आणि भिंगातून पाहा. निळ्या उजेडात पिवळा रंग काळपट दिसतो. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर किंवा शाईच्या प्रिंटरच्या पानावर शोधत बसू नका, तिथे हे ठिपके नसतात. आणि रंगीत लेझर प्रिंटर असला तरी प्रत्येक कंपनीच्या यंत्रात ते सापडतीलच असं नाही.